मोजणी

चौतीस वर्षं पारोळा तालुक्यात
दुसऱ्यांच्या बांधांवरून साखळी ओढली.
कोणाची हद्द कुठे संपते ते सांगून
दोन्हीकडच्या शिव्या खाल्ल्या.
आता परसात शेवग्याच्या बुंध्याला
एक लाकडी खोकं टांगलंय,
आणि काम तेच.

भोक बत्तीस मिलिमीटर.
कंपासने आखलं, कानशीने घासलं.
एवढ्यातून चिमणी जाते, साळुंकी जात नाही.
हे मला माहीत होतं.
खारीला माहीत नव्हतं.

शिमग्याच्या आठवड्यात चिमणा आला,
दादरचं चिपाड, जिनिंगवरून उडालेला कापूस,
माझ्याच धोतराचा एक दोरा.
खार चार दुपारी येऊन काठ कुरतडून गेली.
तिला घर नको होतं, दात घासायचे होते.
मोजलं : पंचेचाळीस.
तेरा मिलिमीटर.
तेरा इंचांपायी सख्खे भाऊ
धुळ्याच्या कोर्टात म्हातारे झालेले पाहिलेत मी.

दुसऱ्या दिवशी साळुंकी आत.
खाली फरशीवर ठिपक्यांचं अंडं फुटलेलं,
मुंग्यांनी पंचनामा सुरू केलेला.
चिमणा तारेवर. ओरडत नव्हता.
तेच मला सहन झालं नाही.

शिडी लावली.
कुंपणापलीकडून दगुबाई बडगुजर म्हणाली,
"आप्पा, पाखरेस्ना सातबारा काढतस का तुम्ही?"
मी झाकण उचललं, हात घातला,
सुतळी, गवत, गुटख्याच्या पुडीची चकाकी
मूठभर उपसली,
आणि तळाशी तीन अंडी.

निळी.
नकाशात पाझर तलाव रंगवायचो आम्ही,
ब्रश दोनदा पाण्यात बुडवून,
तेवढी निळी.

साळुंकीने टकलावर दोन टोचे मारले. बरोबरच होतं.
मूठ परत आत ठेवली, जमली तशी.
ताबा पाहिला, हक्क पाहिला नाही.
नोकरीत हे केलं असतं
तर निलंबन ठरलेलं.
"जो बठना, तेन्हं घर," दगुबाई म्हणाली
आणि पापड उलटायला निघून गेली.

मग दुसरं खोकं केलं.
भोकाभोवती तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकला,
खारीने दात पाडून घ्यावेत म्हणून.
पत्र्याची धार तासभर घासली,
पंख चिरू नये म्हणून.
तोंड पूर्वेला. आमच्याकडे
एप्रिलपासून पश्चिमेची भिंत म्हणजे तवा.
साळुंकीपासून चोवीस फूट,
मधे कडुनिंब, म्हणजे नजरेआड.
दयाळासाठी तिसरं, मोठ्या भोकाचं, न्हाणीच्या मागे,
कारण तो पहाटे चार वाजता गातो
आणि उरलेला दिवस भांडतो.
कागदावर तिन्ही हद्दी आखल्या,
उत्तरेचा बाण काढला, प्रमाण लिहिलं.
सवयीने सहीसुद्धा केली.

दयाळाने मोठ्या भोकाचं घर पाहिलं, सोडलं,
नळाच्या फुटक्या पाइपात शिरला.
साळुंकीची पिल्लं उडाली, तीनपैकी दोन.
तिसऱ्याचं विचारू नका, मांजर दगुबाईची आहे.
आणि पत्र्याच्या घरात
एक कोळी.

चिमणी पोर्चमध्ये सापडली.
वीज मंडळाच्या मीटरपेटीत,
झाकणाचा कोपरा तुटलाय तिथून आत.
तो कोपरा मी कधी मोजला नव्हता.

महिनाअखेरीला सुभान पिंजारी रीडिंगला आला.
पेटी उघडली.
मग, झोपलेल्या पोराच्या खोलीचं ओढतात तसं
झाकण लोटून घेतलं,
मशीनवर काहीतरी दाबलं.
काय लिहिलंस रे?
"घर बंद. सरासरी बिल येईल."
अरे, पण मी इथे उभा आहे, दार सताड उघडं,
चहा ठेवलाय तुझ्यासाठी.
सुभान म्हणाला, आप्पा,
तुमचं घर कोण म्हणतंय?

आत चार चोची
एकमेकींना ढकलत होत्या.